दुकानातील मोजदाद आणि दवाखान्यातील मात्रा

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी ‘धान्यबाजाराची पन्नास वर्षे’ या विषयावर मी लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा होती. ती मोडून मी रुग्णालयांविषयी लिहीत आहे, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पंचेचाळीस वर्षे गहू, ज्वारी, तूर, हरभरा यांची ठोक खरेदी-विक्री करणारा मनुष्य. वैद्यकशास्त्रातले मला काही कळते, असा माझा यत्किंचितही दावा नाही. तथापि आपल्या सभासदांपैकी कित्येक जण कोणत्या ना कोणत्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर आहेत. मीही एका ठिकाणी आहे. आणि आपणांपैकी प्रत्येकाच्या घरातील कोणी ना कोणी वर्षातून एकदा तरी रुग्णालयाची पायरी चढतेच. आपण दुकानात जे नित्य करतो, ते तेथे गेल्यावर करावयाचे विसरतो, एवढेच मला सांगावयाचे आहे. त्या विसरण्याची किंमत आमच्या घराने दिली आहे.

धंद्यातील बांधवांना पुढील मजकूर नवा नाही. परंतु घरातील मुली-सुना आणि शिक्षणासाठी परगावी असलेली मुलेही हा अंक वाचतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ट्रक दुकानी लागला म्हणजे पोती उतरताना दोन माणसे मोजतात. एक ट्रकच्या फाळक्यापाशी उभा असतो, दुसरा वखारीच्या दारात. एकमेकांचे पाहून लिहावयाचे नाही, हा नियम. शेवटी दोघांचे आकडे ताडून पाहावयाचे. ते जुळले नाहीत तर ट्रक हलत नाही, मग ड्रायव्हर कितीही आदळआपट करो. जुने मापाडी पहिल्या मापास ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत आणि पुढे दोन, तीन, चार असे मोठ्याने म्हणत जात. विकणारा, घेणारा आणि अडत्या या तिघांच्याही कानांवर तो आकडा पडावा, हा त्यातला हेतू होता. मनात मोजलेले पोते हे मोजलेलेच नव्हे, असे आमचे तीर्थरूप म्हणत.

आमच्या दुकानी तीस वर्षे दिवाणजी असलेले गृहस्थ इतके सचोटीचे की त्यांच्या हाती तिजोरीची किल्ली निःशंकपणे असे. तरी त्यांच्या कीर्दीची बेरीज रोज सायंकाळी दुसरा कोणी तपासावयाचा. त्यांना यात कधी अपमान वाटला नाही. एखाद्या दिवशी लग्नकार्याच्या गडबडीत तपासणी राहिली तर तेच दुसऱ्या दिवशी सकाळी वही पुढे करीत. सचोटीचा मनुष्यही थकतो, त्याचेही लक्ष विचलित होते, साताचा आकडा त्यालाही नवासारखा दिसतो, हे ते स्वतः जाणून होते.

आता घरची हकीकत सांगतो. रुग्णालयाचे वा डॉक्टरांचे नाव मी घेणार नाही; कोणी तर्क करू नये अशी विनंती आहे.

माझ्या थोरल्या बंधूंचे लग्न १९७० साली झाले, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. वहिनी घरात आल्या त्या अठराव्या वर्षी. औटकीचे पाढे त्यांनीच माझ्याकडून म्हणवून घेतले. पुढे दुकानाची उलाढाल वाढली तरी घरखर्चाची वही त्यांच्याच हाती राहिली आणि तिच्यात एका पैशाची तफावत कधी सापडली नाही. साठीनंतर त्यांना सांधेदुखीने गाठले. बोटे वाकडी होऊ लागली, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्झेट नावाची गोळी सुरू केली. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. तिने अपाय होऊ नये म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी इतर दिवशी घ्यावयाची. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळ्या. वहिनींनी मेथोट्रेक्झेटसाठी रविवार ठरविला होता. गोळी घेतली की भिंतीवरील दिनदर्शिकेत त्या तारखेखाली पेनने एक टिंब देत. चार वर्षे हा क्रम बिनचूक चालला.

२०१७ च्या श्रावणात त्यांना न्यूमोनिया झाला आणि पाच दिवस एका मोठ्या रुग्णालयात ठेवावे लागले. न्यूमोनिया बरा झाला. घरी सोडताना कागद मिळाला, त्यात सर्व औषधे पुन्हा लिहून दिली होती. तो कागद तयार करणाऱ्या तरुण डॉक्टराने मूळ चिठ्ठीवरून उतरवून घेताना दोन ओळींची अदलाबदल केली. मेथोट्रेक्झेट रोज एक आणि फॉलिक ॲसिड आठवड्यातून एक, असे झाले. खाली मोठ्या डॉक्टरांची सही होती. औषधे त्याच इमारतीतील दुकानातून घेतली. दुकानदाराने कागदाबरहुकूम तीस गोळ्या दिल्या आणि बिल केले. ते बिल मी दिले.

वाचकहो, या ठिकाणी माझी लेखणी अडते. महिन्याला चार गोळ्या लागणाऱ्या घरात तीस गोळ्या आल्या. चार पोत्यांच्या ठिकाणी कोणी तीस पोती दारात आणून टाकली असती तर मी ट्रकच परत पाठविला असता. मी बिलाची बेरीज मात्र तपासली, ती बरोबर होती. रक्कम नेहमीपेक्षा अधिक वाटली, तेव्हा औषधे महाग झाली असे मनात म्हणून पैसे मोजले.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. घरी आल्यावर वहिनी अशक्त होत्या, म्हणून औषधे देण्याचे काम माझ्या पत्नीने हाती घेतले. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी वहिनींनी विचारले, “ही रविवारची गोळी रोज कशी हो, भाऊजी?” मी कागद पाहिला. त्यात रोज असेच होते. मी म्हणालो, “वहिनी, मोठ्या डॉक्टरांनी काही पाहूनच लिहिले असेल.” त्या गप्प राहिल्या. साऱ्या साखळीत मोजदाद ठेवणारी ती एकच व्यक्ती होती आणि तिला मी गप्प केले.

सहाव्या दिवशी तोंडात फोड आले. उष्णता झाली असे समजून आम्ही गुलकंद दिला. नवव्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि दंडावर जांभळे डाग दिसले. दुसऱ्या रुग्णालयात नेले, तेथील एका तरुण डॉक्टरीणबाईंनी औषधांची पिशवी मागवून घेतली आणि गोळ्यांच्या पट्ट्या मोजल्या. “काका, यांतल्या नऊ गोळ्या नऊ दिवसांत गेल्या का?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मला काय झाले ते उमगले. रक्तातील पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. त्यांनी उताऱ्याचे औषध दिले, रक्त चढविले, रात्रंदिवस खपल्या. आठव्या दिवशी वहिनी गेल्या.

पुढे मी पहिल्या रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून सर्व कागदांच्या नकला मागितल्या. रुग्णाने वा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यास बहात्तर तासांत कागद द्यावेत, असा नियम २००२ पासून आहे. आम्हांला ते वेळेत मिळाले, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. कोणी काही लपविले नव्हते, खाडाखोड नव्हती. जुनी चिठ्ठी आणि नवा कागद एकाच फायलीत, एकाच टाचणीने टाचलेले होते. दोन्ही समोरासमोर ठेवून ओळीस ओळ लावून वाचावयास मला तीन मिनिटे लागली. ती तीन मिनिटे त्या इमारतीत कोणाच्याही कामाचा भाग नव्हती.

बंधूंनी तक्रार करू दिली नाही. संबंधित मंडळी ओळखीची, काही नात्यातली; त्यात लढण्याचे बळही त्यांच्यात उरले नव्हते. रुग्णालयाने आपण होऊन एक गोष्ट केली: त्या तरुण डॉक्टरास कामावरून कमी केले. आम्हांला तसे कळविण्यात आले, जणू हिशेब चुकता झाला. मला ते पटले नाही. काटा बिघडलेला असताना हमालास काढून टाकले तर उद्या नवा हमाल त्याच काट्यावर पोते ठेवणार. तो मुलगा सलग किती तास जागा होता, त्याने उतरविलेला कागद दुसऱ्या कोणी ताडून पाहावा अशी व्यवस्था का नव्हती, औषधाच्या दुकानात ही गोळी तीस देताना हात का थांबला नाही, हे प्रश्न कोणी विचारले नाहीत.

अशा गोष्टी आमच्याच घरी घडल्या असे नाही, हे मला नंतर वाचनाने समजले. त्या वेळच्या औरंगाबाद येथील सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एक स्त्री प्रसूत झाली. १० तारखेस मुलगा झाला, १३ तारखेस संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ताप आणि पोटदुखी हटेना. १९ तारखेस पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळचे फडके राहून गेलेले सापडले. २४ जुलै रोजी ती माउली गेली. खालच्या न्यायालयाने छत्तीस हजार रुपयांची भरपाई देवविली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ती पुन्हा कायम केली. तेहतीस वर्षे. पोटात फडके राहणे हीच हलगर्जीपणाची साक्ष आहे, तिला वेगळ्या पुराव्याची गरज नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

हा निकाल वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ट्रकचा फाळका आणि वखारीचे दार उभे राहिले. शस्त्रक्रियेत किती फडकी टेबलावर आली आणि किती बाहेर निघाली, हे दोघांनी मोठ्याने मोजून, आकडा जुळल्याखेरीज पोट शिवावयाचे नाही, ही रीत चांगल्या शस्त्रक्रियागृहांत आज पाळली जाते. आपल्या मापाड्याची ‘लाभ, दोन, तीन’ ही रीत तीच.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या वेळी वाचावयाची एक पृष्ठाची यादी प्रसिद्ध केली. रुग्ण तोच का, शस्त्रक्रिया कोणती, कोणत्या बाजूची, कोणत्या औषधाचे वावडे आहे का, मोजणी जुळली का, असे साधे प्रश्न तीत आहेत आणि ते मोठ्याने विचारावयाचे आहेत. या कामाचे नेतृत्व अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. अतुल गवांदे यांनी केले. त्यांचे वडील आपल्या विदर्भातून तिकडे गेलेले. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ होते ते ०.८ वर आले. २००९ च्या जानेवारीत हे आकडे छापून आले. कोणतेही नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. एक कागद आणि तो मोठ्याने वाचणारे तोंड. येथे एक गोष्ट न सांगितली तर हिशेब अर्धा राहील. कॅनडातील आँटेरिओ प्रांताने १०१ रुग्णालयांत हीच यादी सक्तीने लावली, तेव्हा म्हणण्यासारखा फरक पडला नाही, असे २०१४ साली दिसून आले. याचा अर्थ मी माझ्यापुरता असा लावतो की, निरीक्षक येणार म्हणून आदल्या रात्री साठ्याची वही भरणारे दुकानदार सर्व देशांत असतात.

अमेरिकेसारख्या देशात, जेथे पैशास तोटा नाही, तेथेही अशा चुकांनी वर्षास ४४ हजार ते ९८ हजार रुग्ण दगावत असावेत, असा अंदाज तेथील वैद्यकीय संस्थेने १९९९ साली जाहीर केला. तेव्हापासून दोष माणसात शोधण्याऐवजी रीतीत शोधावा, हा विचार जगभर बळावला.

मोजदादीइतकीच आपल्या धंद्यातील दुसरी रीत नमुन्याची. पोत्याच्या तोंडाचा दाणा पाहून कोणी सौदा करीत नाही. लोखंडी नळी पोत्याच्या मध्यापर्यंत खुपसून नमुना काढतो, तळहातावर घेतो, दाताखाली फोडतो. तुरीच्या डाळीत लाखेची डाळ मिसळली तर नवख्यास ओळखू येत नाही, म्हणून डोळ्यांवर न विसंबता आपण चाळतो, निवडतो. औषधांच्या बाबतीत ही रीत मोडली की काय होते ते मुंबईने १९८६ च्या आरंभी पाहिले. जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन गेले. त्या ग्लिसरिनात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरावयाचे विषारी द्रव्य होते. ते दिसावयास तसेच, चवीस गोड, ग्लिसरिनासारखेच दाट आणि स्वस्त. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि औषधखरेदीच्या व तपासणीच्या व्यवस्थेचे वाभाडे काढले.

याच द्रव्याने १९३७ साली अमेरिकेत शंभरावर माणसे मेली होती. त्यानंतर तेथे कायदा बदलला. आपल्याकडे १९८६ नंतर तरी हे संपावयास हवे होते. परंतु २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याचे औषध घेऊन वीसहून अधिक बालके गेली, त्यांतील कित्येकांना धावपळ करून नागपूरला आणले होते. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्याने तपासले, तेव्हा त्या औषधात शेकडा ४८.६ इतके डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. म्हणजे अर्धी बाटली विष. गँबिया देशातील बालकांच्या मृत्यूंनंतर १ जून २०२३ पासून परदेशी पाठवावयाच्या खोकल्याच्या औषधाचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत तपासणे सक्तीचे झाले होते. देशातच विकावयाच्या औषधास तो नियम नव्हता. निर्यातीचा माल चाळून आणि घरच्या गिऱ्हाइकास न चाळलेला, असा व्यवहार आपल्या बाजारात कोणी केला तर त्याचे तोंड कोणी पाहणार नाही. आपल्याच राज्यात, बळ्ळारीच्या सरकारी रुग्णालयात, २०२४ च्या नोव्हेंबरात शस्त्रक्रियेने प्रसूत झालेल्या काही स्त्रिया लागोपाठ दगावल्या आणि शिरेतून द्यावयाच्या सलाईनवर संशय येऊन त्याचा साठा थांबवावा लागला, हे आपणांस स्मरत असेल.

रुग्णालयाची औषधखरेदी आपल्यासारखे विश्वस्त मंजूर करतात. सर्वांत कमी भावाची निविदा मंजूर करताना आपण टाळ्या वाजवितो. मीही वाजविल्या आहेत.

कायद्याविषयी थोडक्यात लिहितो. कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर मे १९५३ मध्ये एका वीस वर्षांच्या मुलाची मांडी मोडली. त्याचे वडील स्वतः दौंडचे डॉक्टर. मुलास मोटारीने पुण्यास एका नामांकित शल्यवैद्यांकडे आणले. पुरेशी भूल न देता, तीन माणसे लावून पाय जोराने ओढून हाड बसविले गेले आणि त्याच रात्री मुलगा गेला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६८ साली वडिलांच्या बाजूने निकाल लागला. भरपाई तीन हजार रुपये. रक्कम लहान, परंतु वैद्याची जबाबदारी त्या निकालाने स्पष्ट केली: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरविताना काळजी, उपचार कोणता हे ठरविताना काळजी आणि तो करताना काळजी. पुढे १९९५ साली पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली गेली. तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे; आमची ती २०१९ साली निघून गेली.

डॉक्टरांवर हात उगारणाऱ्यांची मला चीड आहे. त्या मार्गाने एकही चूक थांबलेली नाही. उलट चांगले डॉक्टर अवघड रुग्ण हाती घेण्यास भितात. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांवर फौजदारी गुन्हा लावताना हलगर्जीपणा अत्यंत ढोबळ असला पाहिजे, असे ठरविले. तो खटला लुधियानाच्या एका रुग्णालयातला होता. श्वास लागलेल्या रुग्णास प्राणवायू लावला, तर सिलिंडर रिकामा. दुसरा आणून जोडीपर्यंत रुग्ण संपला होता. डॉक्टरांवरील फौजदारी खटला रद्द झाला, आणि मला वाटते ते योग्यच झाले. परंतु सिलिंडर भरलेला आहे की रिकामा, हे पाहावयास वैद्यकीय पदवी लागत नाही. रोज सकाळी खाटेखाटेपाशी जाऊन ते पाहणारा आणि वहीत लिहून सही करणारा एक मनुष्य लागतो. त्याचा पगार विश्वस्तांनी मंजूर करावयाचा असतो.

आपल्या घरांपुरती एक सूचना येथेच करून ठेवतो, कारण ती इतरत्र कोणी लिहिणार नाही. आपल्यापैकी अनेक वडीलधारी माणसे सूर्यास्तापूर्वी जेवतात. रुग्णालयाच्या कागदावर मात्र ‘रात्रीच्या जेवणापूर्वी इन्सुलिन’ असे लिहिलेले असते आणि परिचारिका ते आपल्या वेळेनुसार साडेसात-आठला देतात. आमच्या शेजारच्या एका आजोबांनी घरचा डबा पावणेसहालाच खाल्ला होता. आठ वाजता इन्सुलिन टोचले गेले आणि मध्यरात्री ते घामाने डबडबून बेशुद्ध पडले. नातू जागा होता म्हणून निभावले. जेवणाची वेळ, उपवास, पर्वकाळातील एकाशन, हे सर्व दाखल होतानाच डॉक्टरांस सांगून कागदावर लिहून घ्यावे. आम्हांला संकोच वाटतो, पण संकोचाने रक्तातली साखर सांभाळली जात नाही.

आता मी ज्या लहान रुग्णालयाचा विश्वस्त आहे, तेथील गोष्ट. वहिनी गेल्यानंतर दोन वर्षे मी तेथील एकाही सभेत या विषयावर तोंड उघडले नाही. दुसऱ्याच्या वखारीतील तूट मला दिसली होती, आपल्या वखारीची मोजणी करावयाचे धैर्य नव्हते. २०१९ च्या दिवाळीनंतरच्या सभेत शेवटी मी सुचविले की, झालेल्या आणि होता होता टळलेल्या चुकांची एक वही ठेवावी. तीत कोणाचे नाव नसावे, फक्त काय घडले ते असावे. अध्यक्ष म्हणाले, “लिहून ठेवले तर उद्या एखादा वकील तीच वही मागेल.” आक्षेप पोकळ नव्हता. मी एवढेच म्हणालो की, तूट लिहायची नाही असे ठरविणाऱ्या दुकानात तूट थांबत नाही, फक्त मालकास ती दिवाळे निघेपर्यंत कळत नाही.

सभेत थोडा वेळ शांतता होती. मग मुख्य परिचारिका, ज्या सभेत सहसा बोलत नाहीत, उठून आपल्या खोलीत गेल्या आणि एक जाड वही घेऊन आल्या. अकरा वर्षे त्या ती स्वतःपुरती लिहीत होत्या. एकाच वॉर्डात दोन शांताबाई आणि एकीचे इंजेक्शन दुसरीच्या खाटेपर्यंत पोहोचलेले. सलाईनमध्ये घालावयाच्या पोटॅशियमची कुपी साध्या पाण्याच्या कुपीसारखीच दिसते, म्हणून एकदा हात तिकडे गेलेला. डाव्या गुडघ्याऐवजी उजव्याला शाईची खूण. प्रत्येक नोंदीपुढे ‘टळले’ असे लिहिलेले. दोन ठिकाणी तो शब्द नव्हता. त्या म्हणाल्या, “कोणी विचारील असे वाटले नव्हते.”

अभयदान हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो, आणि औषधदानाच्या पाट्या तर आपल्या नावांनी भिंतीभर लागलेल्या असतात. त्या सभेत ही वही हातांत घेऊन बसलो असता, रुग्णाला अभय देणारे काम त्या बाई एकट्या, पाटीवाचून, अकरा वर्षे करीत होत्या, असे माझ्या मनात आले.

वही सुरू झाली. शांताबाईंसारख्या नावांसाठी आता मनगटावर नाव, वय आणि गाव अशी तिन्हींची पट्टी असते व औषध देताना ती वाचली जाते. पोटॅशियमच्या कुप्या वेगळ्या कुलपात गेल्या. घरी सोडतानाचा कागद आणि मूळ चिठ्ठी ओळीस ओळ लावून वाचण्याचे काम एका निवृत्त शिक्षकांस दिले आहे; त्यांना औषधांतले काही कळत नाही, पण दोन कागद जुळत नसले तर ते डॉक्टरांस उठवून आणतात, मग रात्र असो की दुपार. दोन डॉक्टर पहिल्यांदा रागावले होते. त्यांतले एक आता स्वतःच विचारतात, “गुरुजींनी पाहिले का?” मेथोट्रेक्झेट आमच्या औषधाच्या खिडकीत एका वेळी चारच मिळतात, लिफाफ्यात घालून, आणि लिफाफ्यावर मराठीत व कन्नडमध्ये वार लिहिलेला असतो. तो वार रुग्णानेच सांगावयाचा.

सर्व काही सुरळीत झाले असे म्हणता येणार नाही. महामारीच्या दोन वर्षांत वही बंद पडली होती. मोजणीचा कागद शस्त्रक्रिया संपल्यावर एकदमच भरलेला मला गेल्या वर्षी दोनदा आढळला. गुरुजींचे वय झाले आहे आणि त्यांच्या जागी दुसरा मनुष्य मिळत नाही.

बंधूंच्या तिजोरीत त्या तीन पट्ट्या अजून आहेत. एकवीस गोळ्या शिल्लक आणि सोबत मी पैसे भरून आणलेले बिल. ते फेकून द्यावे असे मी एकदा सुचविले, तर “जमेला लागलेला माल आहे, राहू दे” एवढेच ते म्हणाले.

ज्या सभासदांस आपल्या रुग्णालयासाठी त्या वहीच्या पानाचा आणि औषधाच्या लिफाफ्याचा नमुना हवा असेल, त्यांनी आमच्या दुकानी यावे. छापून ठेवले आहेत, मोल काही नाही. सकाळी दहा ते बारा सौदे चालतात. त्यानंतर मी मोकळा असतो.